जेथे आईला मामा म्हणतात

आफ्रिकेहून परतल्यापासून जो भेटतो तो पहिला प्रश्न हाच करतो, "काय, सिंह पाहिलात का?" खंडेराव मार्केटात भाजी घेताना विचारतात, दांडिया बाजारातल्या गणपतीच्या मंडपात विचारतात, नातवंडे तर फोनवर विचारतातच. वाचकहो, सिंह आम्ही पाहिला नाही. साडेपाच महिने राहून आम्ही पाहिली ती एक लहानशी संस्था बंद पडताना. ही काही हौसेने सांगण्याजोगी प्रवासकथा नव्हे. परंतु त्या मुक्कामात आमच्या मनात जे पक्के बसले ते आपल्या माणसांपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही उभयता निवृत्त. एकाची हयात बँकेत हिशेब जुळवण्यात गेली, दुसरीची शाळेत गणित शिकवण्यात. मुले आपापल्या संसारात. आमच्या शेजारच्या गुजराती कुटुंबाची एक शाखा तीन पिढ्यांपासून केनियातील किसुमु शहरी आहे. तेथे त्यांचे लोखंडी सामानाचे दुकान. दिवाळीला बडोद्यास आलेले ते गृहस्थ गप्पांच्या ओघात म्हणाले, "आमच्या गावी एक संस्था आहे, आजारी आयाबाळांचे काम करते. काम उत्तम, पण हिशेबाच्या वह्यांचा गोंधळ. तुम्ही दोघे सहा महिने याल का? राहण्याची सोय आमच्या माडीवर." आम्ही हसण्यावारी नेले, पण रात्री दोघांनाही झोप लागली नाही. तिकिटे आपल्या खर्चाने, काम विनावेतन, असे ठरले आणि २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही मुंबईहून निघालो.

नैरोबीहून किसुमुस जाणारी बस प्रथम उंच पठारावरून निघते आणि मग एकाएकी जमीन दुभंगल्यासारखी खचदरी समोर उघडते. नैवाशा आणि नाकुरू मागे पडल्यावर केरिचोचे चहाचे मळे लागतात. हिरव्या रंगाच्या एवढ्या छटा आम्ही कोकणातही पाहिल्या नव्हत्या. तेथून रस्ता उतरू लागतो, हवा ऊन होत जाते आणि आहेरो गावाजवळ चक्क भाताची खाचरे दिसतात. पाण्यात उभे बगळे पाहून आम्ही क्षणभर कोठे आहोत हेच विसरलो. मग क्षितिजावर एक रुपेरी रेघ दिसली. ते व्हिक्टोरिया सरोवर. स्थानिक लुओ लोक त्याला 'नाम लोल्वे' म्हणतात. सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटरचा हा विस्तार; गोव्याएवढी अठरा राज्ये त्यात सहज मावतील.

किसुमु हे रेल्वेने वसवलेले शहर. मोंबासाहून १८९६ साली सुरू झालेला लोहमार्ग डिसेंबर १९०१ मध्ये या सरोवराच्या काठी येऊन थांबला. तो बांधण्यासाठी आपल्या देशातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास तेथेच मरण पावले. त्यांच्या मागोमाग दुकानदार गेले. तिथल्या स्वाहिली भाषेत आपल्या ओळखीचे शब्द पावलोपावली भेटतात. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', औषधाला 'दावा', हिशेबाला 'हेसाबू', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी'. औषधाच्या दुकानाला 'दुका ला दावा' म्हणतात हे कळले तेव्हा आम्हांला परकेपणा असा वाटेनासा झाला.

पण खरी मौज नात्यांच्या शब्दांत. तेथे वडिलांना 'बाबा' म्हणतात, येथवर ठीक. परंतु बहिणीला म्हणतात 'दादा', भावाला म्हणतात 'काका', आणि आईला 'मामा'! पहिल्या दिवशी संस्थेच्या दारात एक धिप्पाड, हसतमुख बाई उभ्या होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून आमचे यजमान म्हणाले, "या आमच्या मामा." आम्ही गोंधळून इकडेतिकडे पाहू लागलो, मामा कोठे आहेत म्हणून! पुढे त्यांना आम्हीही मामाच म्हणू लागलो. आम्हांला मात्र त्या 'म्वालिमू' म्हणत, म्हणजे गुरुजी. दोघांनाही तेच.

वेळेचीही तऱ्हा निराळी. विषुववृत्त तेथून जवळच. मासेनो गावी रस्त्याच्या कडेला त्याची पाटीच आहे. त्यामुळे बारा महिने दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी. म्हणून तिथली माणसे तास मोजतात ते उजाडल्यापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपल्या पूर्वजांच्या सूर्योदयापासूनच्या घटकांची आम्हांला आठवण झाली. मामांनी "उद्या दोन वाजता या" म्हटले आणि आम्ही दुपारी जेवून आरामात गेलो, तेव्हा त्या सकाळी आठपासून आमची वाट पाहत होत्या!

संस्था न्यालेंडा या दाट वस्तीत होती. पत्र्याच्या तीन खोल्या, अंगणात एक आंबा, त्याखाली बाके. काम दिसायला साधे होते. केनियाच्या या पश्चिम भागात एच.आय.व्ही.चा प्रादुर्भाव देशात सर्वांत अधिक. हा रोग आज असाध्य असला तरी मारक राहिलेला नाही. रोज एक गोळी, न चुकता, जन्मभर घेतली की माणूस कामधाम करतो, संसार करतो. गरोदर स्त्रीने उपचार घेतले नाहीत तर बाळाला लागण होण्याचा संभव शंभरांत पंधरा ते पंचेचाळीस. नीट घेतले तर तो पाचांच्याही खाली येतो. परंतु गोळी चुकली की विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि वारंवार चुकली तर त्याच औषधाला दाद देईनासा होतो. तेव्हा गोळी देणे हे अर्धेच काम. गोळी घेतली जाते की नाही हे पाहणे हे उरलेले अर्धे. गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळत. संस्था हे दुसरे अर्धे काम करी.

त्या गोळ्यांच्या डब्यांवर आम्ही पहिल्यांदा नजर टाकली तेव्हा अंगावर काटा आला. सारी नावे भारतीय कंपन्यांची. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने हे तीन औषधांचे मिश्रण दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केले आणि तोवर केवळ धनिकांना परवडणारे उपचार गरिबांच्या टप्प्यात आले. पुढे २००३ साली अमेरिकेने अध्यक्ष बुश यांच्या कारकिर्दीत एड्सविरुद्ध मोठी योजना सुरू केली आणि त्या पैशातून आफ्रिकेत ही औषधे पोचू लागली. या योजनेने सुमारे अडीच कोटी जीव वाचले असा त्या सरकारचाच हिशेब आहे. औषध आपले, पैसा त्यांचा आणि जीव किसुमुच्या आयांचे, असा हा तिपेडी दोर होता.

संस्थेतील नोंदवहीत नावे नसत, क्रमांक असत. रोग असा की नाव बाहेर फुटले तर घर फुटते. आमच्यासारख्या परक्यांच्या हाती तर केवळ क्रमांकच येत. अमुक क्रमांक, अमुक तारखेस गोळ्या नेल्या, पुढची तारीख अमुक. तारीख उलटली आणि रकाना रिकामा राहिला की मामा ती वही उचलीत, डोळे किलकिले करीत, आणि मोटारसायकलवर मागे बसून निघत. तेथे या भाड्याच्या मोटारसायकलींना बोडाबोडा म्हणतात. तासा-दोन तासांनी परत येत आणि म्हणत, "माहेरी गेली होती," किंवा "नवऱ्याने गोळ्या फेकल्या," किंवा "भाड्याला पैसे नव्हते." रकाना भरला जाई. कोणता क्रमांक म्हणजे कोणता चेहरा, कोणती गल्ली, कोणत्या रंगाचे दार, हे त्या एका डोक्यात साठवलेले होते. शेकडो क्रमांक! आम्ही हिशेबाच्या वह्या जुळवीत होतो; खरी खातेवही त्या होत्या.

संध्याकाळी आम्ही डुंगा येथील किनाऱ्यावर जात असू. तेथे जाळ्यांवर 'ओमेना' नावाची चिमुकली रुपेरी मासळी वाळत घातलेली असे. वासाने थेट मालवणच्या सुकटीची आठवण. अंधाऱ्या रात्री कोळी दिवे लावून ही मासळी पकडतात. सरोवरावर दूरवर शेकडो दिवे हलताना पाहिले की पाण्यावर एखादे शहर तरंगते आहे असे वाटे. मधूनच जलपर्णीची हिरवी बेटे काठाला लागत. यजमानांच्या घरी भाकरी-शाक असे. मामांच्या घरी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, आणि त्याबरोबर हिरव्या पाल्याची भाजी. चपाती तेथे सणासुदीचे पक्वान्न! नाताळात मामांनी खास आमच्यासाठी चपात्या केल्या. आम्ही रोज चपात्याच खातो हे त्यांना सांगण्याचा धीर आम्हांला झाला नाही.

आणि मग जानेवारी उजाडला.

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी परदेशांना होणारी मदत ९० दिवस थांबवण्याचा हुकूम काढला. २४ तारखेला चालू असलेली कामेही थांबवण्याचा आदेश निघाला. पैशाचा हा ओघ कसा येतो ते आम्हांला वह्यांवरून ठाऊक झाले होते. वॉशिंग्टनहून पैसा एका मोठ्या संस्थेकडे, तिच्याकडून नैरोबीच्या दुसरीकडे, तिच्याकडून आमच्या तीन पत्र्याच्या खोल्यांकडे. आदेशही त्याच वाटेने, पायरी पायरी उतरत आला. पैसा यायला तीन-तीन महिने लागत. आदेश यायला तीन दिवस पुरले. पुढे जीव वाचवणाऱ्या कामांना सूट असल्याचे वॉशिंग्टनने जाहीर केले. पण सूट कागदावर आली, पैसा आला नाही. पत्रात होते, "आज हे पत्र मिळाल्यापासून कोणताही खर्च करू नये." बोडाबोडाचे भाडे हाही खर्चच.

प्रमुखांनी सर्वांना आंब्याखाली बसवून पत्र वाचून दाखवले. नऊ माणसांपैकी सहा जणांना शुक्रवारपासून रजा. त्या सहांत मामा होत्या. कोणी रडले नाही, ओरडले नाही. एकमेकांना म्हणाले, "पोले." या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द आम्हांला सापडलेला नाही. वाईट झाले, तुझ्या दुःखात मी आहे, सावकाश घे, असे सारे त्यात येते.

सभा संपल्यावर प्रमुखांनी आम्हांला आत बोलावले. गृहस्थ सालस, काळजीने चेहरा उतरलेला. म्हणाले, "तुम्ही दोघे वेतन घेत नाही. एप्रिलपर्यंत आहात. मामांच्या टेबलाशी तुम्ही बसलात तर नोंदवही तरी चालू राहील."

वाचकहो, ती रात्र आम्ही कधी विसरणार नाही. विनंती साधी होती, कळवळ्याची होती, आणि ती ऐकताच आमच्या पोटात खड्डा पडला. आम्ही द्यायला म्हणून आलो होतो; आणि आता आमचे फुकट असणे हेच एका बाईच्या खुर्चीवर बसण्याचे कारण होत होते. जो वेतन घेत नाही तो कोणाचे वेतन घालवतो का, हा प्रश्न निघताना आमच्या मनाला शिवलाही नव्हता. शिवाय त्या खुर्चीत बसून आम्ही करणार काय? आम्हांला क्रमांक वाचता येत होते, चेहरे नव्हे.

पहाटे आम्ही एक तोड काढली. दोन-तीन महिने मामांचे वेतन आपल्या निवृत्तिवेतनातून द्यावे. रक्कम आम्हांला जड नव्हती. सकाळी मोठ्या समाधानाने आम्ही ते मामांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्वालिमू, तुम्ही एप्रिलमध्ये जाणार. मग मे महिन्यात मी कोणाकडे पाहू?"

आम्ही निरुत्तर झालो. वॉशिंग्टनचा दाता दूर होता, आम्ही जवळचे होतो. पण जाणारे तेही, जाणारे आम्हीही. आमच्या दानाची मुदत तेवढी आधीच ठरलेली होती.

मग मामांनी आपला बेत सांगितला. दुपारनंतर त्या ओमेना विकणार. आठवड्यातून तीन सकाळी येणार, पण नोकरी म्हणून नव्हे, वही सरकारी दवाखान्याच्या परिचारिकेच्या हाती नीट सोपवण्यासाठी. आणि रविवारी त्यांच्या 'चामा'ची नवी फेरी सुरू होणार होती. "तुम्हांला काही करायचेच असेल तर त्यात या. पण हप्ता सर्वांइतकाच. एक शिलिंगही अधिक चालणार नाही."

चामा म्हणजे काय, तर आपली भिशी! बडोद्याच्या बायकांना ती समजावून सांगायला नको. तेवीस बायका होत्या, चोविसावे आम्ही दोघे मिळून एक. आठवड्याला दोनशे शिलिंग. दर रविवारी जमणारे ४,८०० शिलिंग पाळीपाळीने एकीला. त्याशिवाय प्रत्येकीने वीस शिलिंग वेगळे ठेवायचे; त्यातून लांब राहणाऱ्या आयांचे दवाखान्यापर्यंतचे भाडे द्यायचे, असे त्या बायकांनी त्याच रविवारी ठरवले. कोणाला भाडे दिले हे विचारायचे नाही. ते मामा जाणतील.

फेब्रुवारी-मार्चचे ते आठवडे आम्ही वही उतरवण्यात घालवले. आम्ही क्रमांक वाचायचा, मामांनी परिचारिकेच्या कानाशी लागून खूण सांगायची. ती खूण आमच्या कानी पडू नये म्हणून आम्ही दर वेळी खोलीबाहेर आंब्याखाली जाऊन उभे राहत असू. काम फार संथ चाले. सरकारी दवाखान्यात या रुग्णांची वेगळी खोली होती, तीही त्या दिवसांत बंद झाली. सर्वांबरोबर एकाच रांगेत उभे राहायचे, म्हणजे शेजारीण पाहणार. पूर्वी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळत, आता एका महिन्याच्या. म्हणजे भाडे तिप्पट. काही जणी येईनाशा झाल्या. १० मार्चला अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केले की मदतीची ८३ टक्के कामे कायमची रद्द. ९० दिवसांची वाट पाहणेही मग उरले नाही. मार्चअखेर तीनपैकी दोन खोल्या रिकाम्या करून दिल्या.

येथे मनात आलेला एक विचार सांगतो. आम्ही बडोदेकर राजाश्रयाची फळे खाऊन वाढलेले. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, गावोगावी वाचनालये उघडली. १ मे १९४९ रोजी संस्थान विलीन झाले, तेव्हा आश्रय देणारी गादी गेली. परंतु शाळा आणि वाचनालये नव्या सरकारच्या हाती रीतसर सोपवली गेली, आणि आपली लहान-मोठी मंडळे वर्गणीवर तगली. आश्रय केव्हातरी जातोच. तो जाताना हाती काय सोपवून जातो, यावर सारे अवलंबून. किसुमुला तो एका शुक्रवारी गेला. वही कोणाला द्यायची, एवढे विचारायलाही कोणी थांबले नाही.

आणि लोकाश्रयाचेही भाबडे कौतुक करण्यात अर्थ नाही. भिशी बोडाबोडाचे भाडे देऊ शकते. औषध विकत घेऊ शकत नाही. ते मोठ्या पैशाचे, सरकारांचे काम आणि ते त्यांनीच केले पाहिजे. मामा हे आमच्याहून चांगले जाणत होत्या. त्या म्हणत, "अमेरिकेने मला पुष्कळ दिले. माझी धाकटी जिवंत आहे ती त्या गोळ्यांमुळे. राग देणे थांबवल्याचा नाही, न सांगता थांबवल्याचा आहे." त्यांची धाकटी का जिवंत आहे हे आम्हांला त्या दिवशीच कळले.

आमच्या शेवटच्या रविवारी, एप्रिलच्या मध्याला, चामाची दहावी पाळी होती. चिठ्ठ्या न टाकताच बायकांनी एकमताने ती आम्हांला दिली. आम्ही संकोचलो आणि अर्थातच म्हणालो की हे पैसे भाड्याच्या पेटीत टाका. एकदम शांतता पसरली. मामा किंचित कठोर आवाजात म्हणाल्या, "म्वालिमू, पेटीत टाकलेत तर तुम्ही पुन्हा दाते झालात. घेतलेत तर सभासद." आम्ही घेतले. त्यातूनच नैरोबीच्या बसची तिकिटे काढली. द्यायला गेलेली माणसे परतली ती किसुमुच्या मासळी विकणाऱ्या बायकांच्या पैशाने!

भिशीचा नियम वाचकांना ठाऊक आहे. पाळी आधी मिळाली की उरलेले हप्ते हे कर्ज. आमचे दहा हप्ते भरले होते, चौदा राहिले होते. यजमानांमार्फत ते आम्ही दर रविवारी बडोद्याहून पोचते केले. तेथे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय २००७ पासून आहे, त्यामुळे त्यांच्या दुकानातून मामांच्या फोनपर्यंत पैसे पोचायला क्षणही लागत नसे. १ जुलै २०२५ रोजी, १९६१ साली स्थापन झालेली अमेरिकेची ती मदतसंस्था अधिकृतपणे संपली. आमचा शेवटचा हप्ता त्याच महिन्यात गेला. मामांचा उलट निरोप आला, "हिशेब पुरा. नवी फेरी रविवारी. येणार का?"

आम्ही आहोत. हप्ता सर्वांइतकाच.

मामा अजून ओमेना विकतात, आणि मंगळवारी व शुक्रवारी सकाळी सरकारी दवाखान्याबाहेरच्या बाकावर जाऊन बसतात असे यजमान कळवतात. वेतन नाही. हे कोणी आदर्श म्हणून मिरवू नये. ज्या बाईच्या डोक्यात ती सारी वही आहे तिला बाकावर फुकट बसावे लागणे ही नामुष्कीच आहे. आम्ही निघालो तेव्हा उतरवलेल्या वहीत एकतीस क्रमांकांपुढचा रकाना रिकामा होता. मागच्या पत्रात त्यांपैकी नऊ भरल्याचे होते. उरलेल्या बावीसांचे आम्ही दर पत्रात विचारतो.